टेकन ३ नेमका कधी आला? फाइटिंग गेम आणि पार्लर ते घर या प्रवासाचं गणित

जपानमधल्या आइची-नागोया इथे होणाऱ्या २०२६ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-स्पोर्ट्सच्या पदकांसाठी तीन फाइटिंग गेमही आहेत: स्ट्रीट फायटर ६, टेकन ८ आणि किंग ऑफ फायटर्स १५. नव्वदच्या दशकात पुण्यात शाळेत असलेल्यांना ही तिन्ही नावं चांगली ओळखीची आहेत. त्यामुळे ही बातमी आली की घराघरांत जुन्या आठवणी निघतात, आणि तारखांवरून वादही होतात. टेकन ३ एक जण १९९७ चा म्हणतो, दुसरा १९९८ चा. स्ट्रीट फायटर २ कुणी १९९१ चा सांगतं, कुणी १९९२ चा, तर कुणी ठामपणे १९९३ चा.

हे सगळेच बरोबर असू शकतात. फाइटिंग गेमला जन्मतारीख एकच नसते. तो आधी पैसे टाकून खेळायच्या मशीनवर यायचा आणि काही महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी, घरच्या टीव्हीवर. स्ट्रीट फायटर ६ च्या बाबतीत मात्र क्रम उलटा झाला: घरी जून २०२३ मध्ये, आणि जपानच्या गेम पार्लरमध्ये त्याच वर्षी डिसेंबरात. हे अंतर का असायचं, कोण ठरवायचं आणि ते उलटं कसं झालं, हे नीट समजून घेतलं तर या खेळाचा तीस वर्षांचा इतिहास उलगडतो.

## आधी दोन यंत्रं समजून घेऊ

पार्लरमधल्या उभ्या मशीनला आर्केड मशीन म्हणतात. बाहेरून लाकडी पेटी, काच, जॉयस्टिक आणि बटणं. खरा गेम आत असतो, एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर. पार्लरवाला गेम बदलायचा म्हणजे बहुतेक वेळा पेटी तीच ठेवून आतला बोर्ड बदलायचा.

घरचं यंत्र म्हणजे कन्सोल. आपण त्याला ‘टीव्ही गेम’ किंवा ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो, त्याच्या काडतुसाला ‘कॅसेट’ आणि हातात धरायच्या कंट्रोलरला ‘रिमोट’. कन्सोल एकदा घ्यायचा आणि कॅसेटी किंवा सीडी बदलत राहायच्या.

आर्केडचा बोर्ड एकाच गेमसाठी किंवा मोजक्या गेमसाठी बनवलेला असे, त्यामुळे तो महाग आणि ताकदवान असायचा. कन्सोल मध्यमवर्गीय घराला परवडायला हवा, म्हणून त्याच्या ताकदीला मर्यादा. पार्लरचा गेम कन्सोलवर चालेल असा पुन्हा बांधणं याला पोर्ट करणं म्हणतात. एवढे शब्द पुरे आहेत.

## पार्लरवाल्याच्या बाजूने बघा

कंपनी गेम बनवायची, पण तिचं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही-आम्ही नव्हतो. पहिलं गिऱ्हाईक पार्लरवाला. तो एकरकमी पैसे मोजून बोर्ड किंवा अख्खी मशीन विकत घ्यायचा आणि ती रक्कम नाण्या-नाण्याने वसूल करायचा.

फाइटिंग गेम त्याच्यासाठी का सोन्यासारखा होता, हे एका फाइटमध्ये कळतं. दोन मुलं शेजारी उभी आहेत. दोघांनी टोकन टाकलं आहे. तीनपैकी दोन राउंड जिंकले की फाइट संपली, म्हणजे दोन-तीन मिनिटांचा मामला. हरलेला बाजूला होतो, जिंकलेला तिथेच उभा राहतो आणि पुढचा टोकन घेऊन येतो. मशीनच्या कडेवर पुढच्यांची टोकनं ओळीने ठेवलेली असतात, तेवढाच नंबर लावायचा नियम. जागा एक, वीज एका मशीनची, आणि दर तीन मिनिटांनी नवं टोकन पेटीत. एकट्याने खेळायच्या गेममध्ये पट्टीचा खेळाडू एका टोकनावर अर्धा तास काढायचा आणि पार्लरवाला मागे येरझाऱ्या घालायचा. इथे खेळाडू जितका पट्टीचा, तितके त्याला हरवायला येणारे जास्त.

आता हाच गेम त्याच आठवड्यात घरीही मिळू लागला तर? शेजारच्या दोस्ताबरोबर शंभर फाइट करा, एक पैसा नाही. पार्लरवाल्याने बोर्डात घातलेले पैसे अडकले. एकदा असं झालं की पुढच्या वेळी तो त्या कंपनीचा बोर्ड घेताना दहा वेळा विचार करणार. म्हणून कंपनीला पार्लरवाल्याला थोडा मोकळा काळ द्यावाच लागायचा.

सिनेमाचं असंच आहे. हिंदी सिनेमा थिएटरात लागल्यावर ओटीटीवर येण्याआधी आठ आठवडे जाऊ द्या, असा मल्टिप्लेक्सवाल्यांचा आग्रह असतो. ‘थोड्या दिवसांत मोबाइलवर येणारच आहे’ असं प्रेक्षकाला वाटलं की अलका टॉकीजच्या चौकापर्यंत जायलाही तो उठत नाही. थिएटरवाल्याला जसा तो काळ लागतो, तसा पार्लरवाल्यालाही लागायचा. फरक एवढाच की सिनेमा दोन्हीकडे तोच असतो. गेमचं तसं नव्हतं, आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

## पण घरच्या मशीनची ताकदच कमी होती, म्हणून उशीर व्हायचा ना?

ही शंका सगळ्यांना येते, आणि ती अर्धी खरी आहे.

स्ट्रीट फायटर २ घ्या. कॅपकॉम कंपनीने तो १९९१ च्या सुरुवातीला पार्लरमध्ये आणला. र्यू, केन, चुन-ली आणि भारताच्या नावाने लढणारा, हात लांबवून मारणारा धालसिम त्यातलेच. आर्केडच्या बोर्डावर नुसत्या चित्रांसाठीच सुमारे ६ एमबी मेमरी होती. निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉमवर, म्हणजे अमेरिकेत ज्याला सुपर निन्टेन्डो म्हणतात त्यावर, हाच गेम आणायचा तर अख्खी कॅसेट २ एमबीची. चित्रं, संगीत, आवाज आणि प्रोग्रॅम सगळं त्यात बसवायचं. म्हणजे पात्रं थोडी लहान करा, हालचालींच्या काही चौकटी गाळा, आवाज दाबून ठेवा. तरीही त्या काळासाठी ही कॅसेट अवाढव्य होती आणि मेमरीच्या चिपा महाग असल्याने किंमतही चढी. जपानमध्ये ती १० जून १९९२ ला आली, पार्लरनंतर सव्वा वर्षाने. पुढे तिच्या ६३ लाख प्रती खपल्या.

बटणांची अडचण वेगळीच होती. स्ट्रीट फायटर २ ला मारायची सहा बटणं लागतात: तीन बुक्क्यांची, तीन लाथांची. निन्टेन्डोच्या रिमोटवर सहा होती. सेगाच्या मेगा ड्राइव्हवर तीनच. सेगाने सहा बटणांचा रिमोट काढला आणि १९९३ च्या सप्टेंबरात त्यांच्याकडे स्ट्रीट फायटर २ आला. म्हणजे ज्याच्या मामाने परदेशातून सेगा आणला, त्याच्यासाठी हा गेम १९९३ चाच.

कधी तंत्राची दरी इतकी रुंद असायची की उडीच मारता यायची नाही. सेगाचा व्हर्च्युआ फायटर ३ हा १९९६ मध्ये पार्लरमध्ये आला तेव्हा त्याचा बोर्ड जगातल्या सगळ्यात ताकदवान थ्रीडी बोर्डांपैकी होता. सेगाचाच घरचा कन्सोल सॅटर्न तो पेलूच शकत नव्हता. शेवटी १९९८ च्या नोव्हेंबरात ड्रीमकास्ट हा नवा कन्सोल आला, त्याच्याबरोबर तो गेम घरी पोचला. दोन वर्षं गेली, आणि ती खरोखर यंत्राच्या मर्यादेमुळे.

## मग उरलेली अर्धी गोष्ट कुठली?

उरलेल्या अर्ध्याचा पुरावा भारतातल्या पार्लरमध्ये सगळ्यात जास्त खेळल्या गेलेल्या गेमपैकी एकात आहे: किंग ऑफ फायटर्स ९७.

तो बनवणाऱ्या एसएनके कंपनीने निओ जिओ नावाची यंत्रणा १९९० मध्ये बाजारात आणली. ती दोन रूपांत होती, पार्लरसाठी एक आणि घरासाठी एक. आतले भाग जवळजवळ तेच, म्हणजे ताकदीचा प्रश्नच मिटला. इतकंच काय, कॅसेटवरचा प्रोग्रॅमही तोच. चालू झाल्यावर तो आधी तपासायचा की आपण पार्लरच्या मशीनमध्ये आहोत की घरच्या, आणि त्याप्रमाणे टोकन मागायचा किंवा घरचा मेनू दाखवायचा. पोर्ट करायला काही उरलंच नव्हतं. पार्लरवाल्याने ज्या दिवशी कॅसेट खोचली, त्याच दिवशी घरची आवृत्तीही त्या पेटीत झोपलेली होती.

तरीही किंग ऑफ फायटर्स ९७ पार्लरमध्ये जुलै १९९७ च्या अखेरीस आला आणि घरच्या निओ जिओवर सप्टेंबरच्या अखेरीस. ९८ चं तसंच: जुलै आणि सप्टेंबर. हे दोन महिने कुठल्याही इंजिनिअरला लागणार नव्हते. ते पार्लरवाल्यासाठी राखलेले होते.

शिवाय दोन्हींच्या कॅसेटी मुद्दाम वेगवेगळ्या आकाराच्या. घरची कॅसेट पार्लरच्या मशीनमध्ये बसायची नाही आणि पार्लरची घरच्यात बसायची नाही. घरचं यंत्र अमेरिकेत ६४९.९९ डॉलरला होतं आणि एकेक कॅसेट साधारण २०० डॉलरची. ज्याला हे परवडत होतं तो तसाही पार्लरचं रोजचं गिऱ्हाईक नव्हता. अंतर दोन महिन्यांवर आणता आलं, त्यात या किमतीचाही हात होता असं माझं मत आहे.

## घरी आला तोवर पार्लर पुढे गेलेलं

या काळाचा एक कमी बोलला जाणारा भाग आहे. घरची आवृत्ती येईपर्यंत पार्लरमध्ये पुढची आलेली असायची.

जून १९९२ मध्ये सुपर फॅमिकॉमवर मूळ स्ट्रीट फायटर २ आला तेव्हा पार्लरमध्ये चॅम्पियन एडिशन सुरू झालं होतं. त्यात शेवटचे चार बॉस, म्हणजे एरवी कॉम्प्युटरच्याच हातात असलेले तगडे खलनायक, स्वतः घेऊन खेळता यायचं, आणि दोघांनाही एकच पात्र घेता यायचं, र्यू विरुद्ध र्यू. घरची कॅसेट घेतलेल्या मुलाकडे मूळ आठच पात्रं. तो पार्लरमध्ये गेला की त्याला पुन्हा नवं काहीतरी दिसायचं आणि खिशात हात जायचा. डिसेंबर १९९२ मध्ये पार्लरमध्ये त्याहून वेगवान टर्बो आला, तोही घरी पुढच्या वर्षीच पोचला.

मधल्या काळात तैवान-हाँगकाँगकडचे बनावट बोर्डही फिरू लागले होते. त्यात हवेत हाडुकेन, म्हणजे र्यू-केनचे हातातून फेकायचे ऊर्जेचे गोळे, सुटायचे, एका वेळी चार-चार, आणि फाइट चालू असताना पात्र बदलायचं. पुण्यातल्या अनेक पार्लरमध्ये आम्ही जो ‘स्ट्रीट फायटर’ शिकलो तो हाच. कॅपकॉमचा टर्बो हे बऱ्याच अंशी या बनावट बोर्डांच्या वेगाला दिलेलं उत्तर होतं.

## तारखेचीच जाहिरात

घरी येण्याचा दिवस हाच मोठा सोहळा करता येतो, हे मॉर्टल कॉम्बॅटने दाखवलं. मिडवे कंपनीचा हा गेम १९९२ च्या शरदात अमेरिकन पार्लरमध्ये आला. घरची आवृत्ती काढायचे हक्क दुसऱ्याच कंपनीकडे, अक्लेमकडे होते. अक्लेमने १३ सप्टेंबर १९९३ हा सोमवार जाहीर केला, त्याला ‘मॉर्टल मंडे’ असं नाव दिलं आणि एकाच दिवशी चार वेगवेगळ्या यंत्रांसाठी गेम विक्रीला ठेवला. त्याआधी माल दुकानात पोचेल तेव्हा विक्री सुरू, अशीच बहुतेक ठिकाणी रीत होती.

हा गेम रक्तबंबाळ होता. निन्टेन्डोने रक्ताच्या जागी घाम दाखवायला लावला, सेगाच्या आवृत्तीत गुप्त बटणक्रम दाबला की रक्त दिसायचं. त्याच डिसेंबरात अमेरिकन सिनेटमध्ये व्हिडिओ गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली आणि पुढच्या वर्षी गेमना वयाची वर्गवारी देणारी व्यवस्था उभी राहिली. पार्लरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वर्षभर तोच गेम चालू होता तेव्हा एवढा गदारोळ झाला नव्हता. दिवाणखान्यात आल्यावर तो आईवडिलांच्या नजरेला पडला.

तारीख जाहीर करून ती न पाळल्याचंही उदाहरण आहे. किलर इन्स्टिंक्ट हा गेम १९९४ मध्ये पार्लरमध्ये आला तेव्हा मशीनच्या पडद्यावरच लिहून यायचं की १९९५ मध्ये हा तुमच्या घरी येईल, निन्टेन्डोच्या नव्या अल्ट्रा ६४ कन्सोलवर. १९९५ मध्ये गेम घरी आला खरा, पण जुन्या सुपर निन्टेन्डोवर. नवा कन्सोल तोवर तयारच झाला नव्हता.

## टेकन ३ चं उत्तर

आता सुरुवातीचा वाद मिटवू. टेकन बनवणाऱ्या नामको कंपनीने वेगळा रस्ता धरला. सोनीच्या प्लेस्टेशनमधले भागच वापरून त्यांनी पार्लरचा बोर्ड बनवला. बोर्ड स्वस्त पडला आणि पोर्ट करणं सोपं झालं. पहिला टेकन १९९४ च्या अखेरीस पार्लरमध्ये आणि ३१ मार्च १९९५ ला जपानमध्ये प्लेस्टेशनवर. काही महिनेच मध्ये गेले.

टेकन ३ साठी नामकोने हा बोर्ड सुधारला, वेग आणि मेमरी वाढवली. पार्लरमध्ये तो मार्च १९९७ ला आला. तेव्हाच्या प्लेस्टेशनवर तो जसाच्या तसा मावणार नव्हता. त्यामुळे पात्रांमागचे थ्रीडी देखावे सपाट चित्रांचे झाले. बदल्यात घरच्या आवृत्तीत नवी पात्रं घातली, चेंडूने खेळायचा टेकन बॉल आणि गुंडांना मारत पुढे सरकायचा टेकन फोर्स दिला. जपानमध्ये ही आवृत्ती मार्च १९९८ मध्ये आली. म्हणून १९९७ म्हणणारा आर्केडचं सांगतो, १९९८ म्हणणारा प्लेस्टेशनचं.

नामकोने पार्लरवाल्यासाठी आणखी एक युक्ती केली होती. मशीनमध्ये सगळी पात्रं पहिल्या दिवशी उघडी नसायची. ती ठरावीक काळाने एकेक करून उघडायची. नवं पात्र आलं की गर्दी पुन्हा जमायची आणि बोर्ड महिनोन्महिने कमावता राहायचा.

यात १९९९ चं साल महत्त्वाचं वाटतं. त्याच बोर्डावरचा नामकोचा दुसरा फाइटिंग गेम सोलकॅलिबर तेव्हा ड्रीमकास्टवर आला आणि तो पार्लरच्या मूळ आवृत्तीपेक्षा उघड सुंदर दिसत होता. घरच्या यंत्राने मूळ मशीनला दिसण्यात मागे टाकलं, त्या दिवसापासून ‘चांगल्या चित्रांसाठी पार्लरला या’ हे कारण हळूहळू संपत गेलं.

## पण पुण्यात आम्हाला हे अंतर कधी जाणवलंच नाही!

बरोबर, आणि त्याचं कारण आहे. आपल्याकडे हे गेम अधिकृत वाटेने फारसे आलेच नाहीत. नव्वदच्या दशकात घरी असलेला ‘टीव्ही गेम’ बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या जुन्या ८ बिटच्या यंत्राची नक्कल असायचा. त्यावर काँट्रा आणि मारिओ चालायचे. कॅसेटवर ‘स्ट्रीट फायटर’ लिहिलेलं असलं तरी आत भलतंच काहीतरी असायचं. खरा फाइटिंग गेम पार्लरमध्येच, पेठांतल्या गल्ल्यांत, कोथरूडला, खडकीला, पिंपरीला. ती मशीनही बरेचदा फिरत-फिरत, सेकंडहँड किंवा बनावट बोर्ड घालून आलेली. ती जपानमध्ये कधी आली याच्याशी आपल्या तारखांचा काही संबंध नव्हता.

पुढे प्लेस्टेशन आलं, पण तेही आधी घरी नाही, पार्लरमध्ये आलं. छोट्या गाळ्यात चार-पाच टीव्ही, प्रत्येकाला एक प्लेस्टेशन, तासाचे दहा-वीस रुपये. कॉपी केलेल्या सीडीवर टेकन ३. म्हणजे जगात ज्याला घरची आवृत्ती म्हणायचे, तिलाच आपण पार्लर केलं. इथे हिशेबही बदलला. टोकनाच्या जागी तास आला आणि हरलेल्याला लगेच उठायची गरज उरली नाही. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी टेकन तिथेच शिकला, दोन्ही रिमोट दोन भावांच्या हातात ठेवून, आणि उशिरा आलेल्या मित्राला ‘पुढच्या राउंडला तू’ म्हणत. तिथे मिळालेला सरावाचा वेळ टोकनवाल्या मशीनवर आपल्या खिशाला कधीच परवडला नसता.

## मग अंतर कधी मिटलं?

एका दिवसात नाही. स्ट्रीट फायटर ४ जुलै २००८ मध्ये जपानच्या पार्लरमध्ये आणि फेब्रुवारी २००९ मध्ये घरी आला. अंतर सात महिन्यांवर आलं होतं. तोवर अमेरिका-युरोपातली बहुतेक पार्लरं बंद पडली होती, आणि कंपनीचा खरा पैसा कन्सोलवर होता. इंटरनेटवरून घरबसल्या दुसऱ्या शहरातल्या माणसाशी फाइट करता येऊ लागली, तेव्हा ‘चांगला प्रतिस्पर्धी पार्लरमध्येच भेटतो’ हेही जुनं झालं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये स्ट्रीट फायटर ५ थेट घरी आला, आर्केडला वगळून. इथे पार्लरचं एक देणं सगळ्यांच्या लक्षात आलं. आर्केडवर एकटा माणूस टोकन टाकतो तेव्हा त्याला कॉम्प्युटरशी एकामागून एक लढती देऊन शेवटच्या बॉसपर्यंत न्यावं लागतं. हा भाग आर्केडमुळे आपोआप बनायचा आणि पोर्टमध्ये आयता यायचा. आता तो बनवायची सक्तीच उरली नाही, आणि स्ट्रीट फायटर ५ त्याशिवायच विकायला आला. एकट्याने खेळणारे फार नाराज झाले. हा भाग २०१८ च्या जानेवारीत जोडला गेला.

चाचणीचंही तसंच. पूर्वी कंपन्या अर्धवट तयार गेम टोकियोतल्या एखाद्या पार्लरमध्ये काही दिवस ठेवायच्या आणि कुठलं पात्र फार जोरदार आहे, लोक कुठे कंटाळतात ते बघायच्या. मग वर्षभर पार्लरमध्ये चाललेल्या गेममधल्या चुका घरच्या आवृत्तीत दुरुस्त व्हायच्या. घरी कॅसेट घेणाऱ्याला घासून-पुसून तयार झालेली वस्तू मिळायची. आता ते काम इंटरनेटवरच्या मर्यादित चाचण्यांवर आलं आहे. स्ट्रीट फायटर ६ ची पहिली ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली, टेकन ८ ची जुलै २०२३ मध्ये.

## थांबायला लागलं तर बिघडलं कुठे?

नुसता विरंगुळा असेल तर काही बिघडत नाही. स्पर्धा असेल तर बिघडतं, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे.

टेकन ७ जपानच्या पार्लरमध्ये मार्च २०१५ मध्ये आला. घरी कधी? जून २०१७ मध्ये. सव्वादोन वर्षं. या वेळी बोर्ड म्हणजे आतून जवळपास साधा पीसीच होता, त्यामुळे यंत्राच्या ताकदीची सबब पुरी पडत नाही. मधल्या काळात नवी पात्रं आली, घरच्या आवृत्तीसाठी कथेचा मोठा भाग बनला, हे खरं. पण जपान आणि कोरियातले खेळाडू दोन वर्षं रोज त्या मशीनवर सराव करत होते आणि बाकीचं जग व्हिडिओ बघत होतं. २०१७ च्या इव्हो या जगातल्या सगळ्यात मोठ्या फाइटिंग गेम स्पर्धेत टेकन ७ च्या अंतिम लढतीत दोघेही कोरियन होते, जेडीसीआर आणि सेंट.

पुढे घरचा गेम जगभर एकाच दिवसापासून सगळ्यांच्या हातात आला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये, म्हणजे दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, इव्हो जपान जिंकली ती लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशने. त्याच वर्षी अमेरिकेतली मुख्य इव्होही त्यानेच जिंकली. लाहोरमध्ये गुणवत्ता २०१७ नंतर अचानक उगवली नव्हती. तिथल्या मुलांच्या हातात नवा गेम वेळेवर पडला, एवढंच बदललं. पुण्यातल्या, नागपुरातल्या, कोल्हापुरातल्या मुलांसाठी म्हणून एकाच दिवशी सगळीकडे गेम येणं ही फार मोठी गोष्ट आहे. २०२४ च्या २६ जानेवारीला टेकन ८ आर्केडला वगळून थेट घरच्या यंत्रांवर आला आणि कुणालाही दोन वर्षांची आघाडी मिळाली नाही.

## मग जपानच्या पार्लरमध्ये स्ट्रीट फायटर ६ कशाला?

कारण तिथे पार्लर अजून जिवंत आहेत आणि तिथे लोक गेम बघायला नाही, माणसांना भेटायला जातात. शेजारी उभ्या माणसाशी खेळताना इंटरनेटचा उशीर नसतो. घरी न घेतलेला गेम एका नाण्यात खेळून बघता येतो. कंपनीला पोर्टचा खर्चही आता किरकोळ, कारण आर्केडच्या आत पीसीसारखंच यंत्र असतं. घरची आवृत्ती आधीच विकून झालेली असल्याने पार्लरसाठी अंतर राखायची गरज नाही, उलट पार्लरलाच थांबावं लागलं.

अंतर ठेवायची जुनी पद्धत मात्र संपलेली नाही, ती गेमवरून पात्रांवर आली आहे. टेकन ८ मध्ये नवं पात्र येतं तेव्हा वर्षाचा पास आगाऊ घेतलेल्यांना ते ७२ तास आधी मिळतं. घरी खेळणाऱ्याला तीन दिवसांनी फरक पडत नाही. पण शनिवारी स्पर्धा असेल आणि पात्र गुरुवारी फक्त पासवाल्यांना मिळालं असेल, तर आयोजकाला ठरवावं लागतं की ते खेळू द्यायचं की नाही. म्हणून स्पर्धेत नाव घालण्याआधी नियमपत्रकात नव्या पात्रांबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा, आणि काही लिहिलेलं नसेल तर आयोजकांना फोन करून विचारा.